सलगमाचा कंदील : सकल संतांच्या पूर्वसंध्येची कहाणी

ऑक्टोबर महिना सरत आला, की धर्मग्रामाच्या कचेरीत दोन प्रश्न हमखास येतात. एक जुना : दफनभूमीतील गवत कोणी काढायचे व केव्हा. दुसरा अलीकडचा : ‘हॅलोवीन’चे काय करायचे. पहिल्या प्रश्नाची सोय आळीनिहाय लावून देता येते. दुसऱ्यासाठी मी आजवर प्रवचनात दोन-तीन कडक वाक्ये ऐकवीत असे व मोकळा होत असे. गतवर्षी मात्र ते जमले नाही.

मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तेथील एक मुलगी आज आयर्लंडमधील कॉर्क शहरात परिचारिका आहे. तिचे लग्न मीच लावले होते. तिचा दूरध्वनी आला. म्हणाली, “फादर, माझा मुलगा आठ वर्षांचा झालाय. त्याच्या वर्गातली सगळी मुलं मुखवटे घालून दारोदार जाणार. आईनं वसईहून बजावलंय, हा सैतानाचा सण आहे, पोराला घरात कोंडून ठेव. मला सैतानाची एवढी भीती वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेले ते प्लास्टिकचे सांगाडे, ती चॉकलेटची वेष्टनं, ते फेकलेले भोपळे पाहिले, की वाटतं, हे संतांच्या सणाच्या आदल्या रात्रीचं चित्र आहे? तुम्ही सांगा, पाठवू की नको?”

मी तिच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. सेमिनरीतील ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या जुन्या वह्या काढल्या, काही पुस्तके मागवली. जे हाती लागले, त्याने माझीच दोन-तीन कडक वाक्ये मला मागे घ्यावी लागली. तिला दिलेल्या उत्तराचा हा विस्तार आहे.

प्रथम नावाविषयी. जुन्या इंग्रजीत ‘हॅलो’ म्हणजे संत किंवा पवित्र व्यक्ती; ‘ईन’ हा ‘ईव्हन’ म्हणजे सायंकाळ या शब्दाचा झिजलेला अवशेष. हॅलोवीन म्हणजे संतांची सांज. नाताळची जशी पूर्वसंध्या, तशीच ही १ नोव्हेंबरच्या सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या. हा सण मात्र आरंभापासून नोव्हेंबरात नव्हता. इ. स. ६०९च्या सुमारास पोप बोनिफास चौथे यांनी रोममधील पँथिऑन हे प्राचीन देवालय पवित्र मरिया व सर्व रक्तसाक्षी यांना समर्पित केले, तो दिवस १३ मे. पुढे आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांसाठी एक प्रार्थनालय बांधविले. इ. स. ८००च्या आसपास इंग्लंड-जर्मनीकडील काही ठिकाणी १ नोव्हेंबर ही तारीख रूढ झालेली दिसते आणि ८३५च्या सुमारास पोप ग्रेगरी चौथे यांच्या काळात ती फ्रँकिश साम्राज्यभर पाळली जाऊ लागली.

येथे एक लोकप्रिय समजूत आडवी येते. आयर्लंडातील ‘साविन’ नावाच्या हिवाळ्याच्या आरंभीच्या जुन्या सणावर ख्रिस्तसभेने आपला सण बेतला, असे सर्रास लिहिले जाते. साविन होता, हे खरेच. त्या सुमारास गुरे कुरणांतून परत आणीत आणि शेकोट्या पेटवीत. परंतु इ. स. ८००च्या आगेमागे रचलेल्या ओंगसच्या आयरिश संतपंचांगात सर्व संतांचा सण २० एप्रिलला नोंदलेला आहे! म्हणजे ज्या देशातून आपण हा सण उचलला असे म्हणतात, त्या देशातील ख्रिस्ती लोक तो वसंतात साजरा करीत होते. तारखांची जुळणी झाली ती नंतर आणि लोकरीती एकमेकींत मिसळल्या त्या शतकानुशतके एकाच चुलीभोवती बसल्याने. ‘सैतानाचा सण’ म्हणणाऱ्या आजीबाईंना आणि ‘मूळचा आमचाच’ म्हणणाऱ्या आधुनिक जादूटोणाप्रेमींना, दोघांनाही इतिहास फारसा आधार देत नाही.

दुसरी कडी जोडली ती क्लूनीच्या मठाचे अधिपती संत ओदिलो यांनी. दहावे शतक संपता संपता त्यांनी आपल्या मठांत २ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांच्या स्मरणाचा दिवस ठरवून दिला आणि तो हळूहळू पश्चिमेकडील ख्रिस्तसभाभर पसरला. अशा रीतीने ३१ ऑक्टोबरची सांज, १ नोव्हेंबर व २ नोव्हेंबर ही तीन दिवसांची एक माळ तयार झाली. आपण तिचे शेवटचे दोन मणी जपले. पहिला मणी आपल्या हातून सुटला, आणि तो कोणाच्या हाती गेला हीच या लेखाची गोष्ट आहे.

त्या पहिल्या मण्याविषयी मला सर्वांत चकित करणारी गोष्ट ही, की तो उपवासाचा दिवस होता. १९१७च्या धर्मसंहितेतही सकल संतांची पूर्वसंध्या हा उपवासाचा व मांसवर्ज्याचा दिवस म्हणून स्पष्ट नोंदलेला आहे. आयर्लंडातील हॅलोवीनच्या रात्रीचे जेवण पाहा, म्हणजे या नियमाची छाप लगेच दिसेल. कोबी किंवा तत्सम पाला घालून घोटलेले बटाटे, त्याला ‘कोलकॅनन’ म्हणतात. किसलेल्या बटाट्याच्या ‘बॉक्स्टी’ नावाच्या पोळ्या. मनुका घातलेला ‘बार्मब्रॅक’ नावाचा पाव. त्यात अंगठी, नाणे, चिंधी असे काहीबाही दडवीत आणि ज्याच्या वाट्याला जे येई त्यावरून वर्षाचे भाकीत करीत. सफरचंदे आणि कवचाची फळे. सारे त्याच हंगामात, त्याच परसात पिकलेले. मांसाचा तुकडा नाही. जेवण आटोपल्यावर चूल झाडून, निखारे फुलते ठेवून, दाराची कडी न लावता घरची माणसे झोपी जात. एखादी खुर्ची चुलीपाशी, शेजारी पाण्याचे भांडे. का, तर घरातील मृत मंडळी या दिवसांत एकदा ऊब घ्यायला येतील. या श्रद्धेची ईशज्ञानाच्या तराजूत तोलाई करण्याचा मला मोह होत नाही. पाहुण्यांसाठी काय खर्च झाला? मूठभर सरपण आणि वाटीभर पाणी.

चित्रकार डॅनियल मॅक्लिस हा कॉर्कचाच. १८३२ साली कॉर्कजवळच्या ब्लार्नी गावी एका कोठारात तो हॅलोवीनच्या मेळाव्याला हजर होता आणि पुढील वर्षी त्याने ‘स्नॅप-ॲपल नाइट’ हे चित्र लंडनला मांडले. चित्रात म्हातारेकोतारे, पोरेसोरे, वादक, नर्तक अशी दाटी आहे. पाण्याच्या घंगाळात तरंगणारी सफरचंदे मुले हात न लावता दातांनी पकडू पाहत आहेत. दोरीला टांगलेल्या आडव्या-उभ्या काटकीच्या टोकांना सफरचंदे व पेटत्या मेणबत्त्या लावलेल्या. काटकी गरगरत असता तोंडाने सफरचंद टिपायचे, चुकले तर मिशीला चटका! या मेळाव्याचा यजमान कोण होता, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. तो तेथील धर्मग्रामाचा मुख्य धर्मगुरू होता, फादर मॅथ्यू हॉर्गन. धर्मगुरूने आपल्या लोकांना त्या रात्री घरात कोंडले नव्हते; स्वतःच्या कोठारात बोलावले होते.

इंग्लंडमध्ये या दिवसांची खूण म्हणजे ‘सोल केक’, आत्म्यांच्या वड्या म्हणू या. मसाला घातलेल्या लहान गोल वड्या, कित्येकदा त्यांवर क्रूसाची खूण. गरीब माणसे व मुले दारोदार जात, गाणे म्हणत, वडी मागत आणि वडी देणाऱ्याच्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. देणाऱ्याला प्रार्थनेची गरज, घेणाऱ्याला अन्नाची. व्यवहार चोख होता. शेक्सपिअरच्या ‘द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकात एक चाकर आपल्या प्रेमविव्हळ धन्याच्या रडव्या आवाजाला हॅलोमासच्या भिकाऱ्याची उपमा देतो, ती प्रेक्षकांना तात्काळ समजत असे. आज मुले ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत दारात उभी राहतात, त्यामागे ही भिक्षा आहे असे बरेच अभ्यासक मानतात. त्या वडीला वेष्टन नव्हते. ती हातातून हातात जाई आणि उरत असे ती फक्त प्रार्थना.

धर्मसुधारणेने या व्यवहाराचा कणा मोडला. १५४९च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात सकल संतांचा सण राहिला, पण सकल मृतांचा दिवस गळाला. शुद्धिस्थानच नाही, तर त्यातील आत्म्यांसाठी वडी कशाला? एलिझाबेथ राणीच्या राजवटीत त्या रात्री मृतांसाठी घंटा वाजविणाऱ्यांची चौकशी होऊ लागली. तरी चेशर, श्रॉपशर या भागांत वड्या मागणारी मुले विसाव्या शतकापर्यंत दारोदार फिरत राहिली. मुळे तोडली तरी काही झाडे बराच काळ हिरवी राहतात.

आता सलगमाकडे येतो. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये त्या रात्री सलगम कोरून, आत मेणबत्तीचा तुकडा किंवा निखारा ठेवून कंदील करीत. कंजूष जॅकची लोककथा सर्वश्रुत आहे : त्याने सैतानाला फसविले, म्हणून नरकाचे दार बंद, आयुष्यभर कोणाला दमडी दिली नाही, म्हणून स्वर्गाचेही बंद. तेव्हा खात असलेल्या सलगमात एक निखारा घेऊन तो अंधारात भटकत राहिला. अत्यंत ख्रिस्ती गोष्ट आहे ही. न देणाऱ्याला कोठेच घर नाही. मेयो परगण्यातील टर्लो येथील राष्ट्रीय ग्रामजीवन संग्रहालयात अशा एका कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलेली आहे. डोनेगलमधील एका शिक्षिकेने १९४३ साली मूळ सलगम संग्रहालयाला दिले होते. सुकून सुरकुतलेला, दात विचकणारा तो चेहरा खरोखर भयंकर आहे. पण प्लास्टर का करावे लागले? कारण सलगम टिकत नाही. ज्या हजारो मुलांनी हजारो रात्री असे कंदील केले, त्यांचा एकही मागे राहिला नाही. गर घरात शिजला, साल गुरांनी खाल्ली, उरलेले मातीत गेले. इतिहासकाराची त्याने अडचण होते, भूमीची होत नाही. वेषांचेही तसेच : उलटा घातलेला बापाचा जुना कोट, पेंढ्याचा मुखवटा, तोंडाला चुलीची काजळी.

१८४५ ते १८५२च्या महादुष्काळात आयर्लंडात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. त्यांच्याबरोबर ही रात्र अमेरिकेला गेली. तेथे सलगमाऐवजी तांबडा भोपळा मिळाला; मोठा, मऊ, कोरायला सोपा. येथवर काही बिघडले नव्हते. बिघडू लागले ते कागदापासून. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन या कागदाच्या कंपनीने १९०९ साली हॅलोवीनच्या सजावटीचे एक पुस्तक काढले आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या. त्यात मुरडीच्या रंगीत कागदाचे झगे, टोप्या, माळा करण्याच्या कृती होत्या. कागदी झगा एका रात्रीपुरता. पुढील वर्षी नवा कागद घ्यावा, हीच त्यातील गोम. ‘वापरा आणि टाका’ ही वृत्ती त्या रात्रीत शिरली ती अशी, हसतखेळत, एका पुस्तिकेच्या पानांतून. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण आल्याने दारोदारची मिठाई थांबली. १९४७ साली नियंत्रण उठले आणि मिठाईवाले, मुखवटेवाले दुप्पट जोमाने परतले.

आणि नेमक्या त्याच दशकात आपण काय केले? १९५५ साली रोमने उपासनापंचांग सुटसुटीत करताना अनेक पूर्वसंध्या वगळल्या; त्यांत सकल संतांची पूर्वसंध्याही गेली. तिच्याबरोबर त्या दिवसाचा उपवासही सुटला. निर्णयामागील हेतू चांगला होता, पंचांग खरोखर गजबजले होते. मी त्या निर्णयाला दोष देण्याइतका मोठा नाही. परंतु ज्या संध्याकाळी आपण दिवा मालवला, त्या संध्याकाळी बाजाराने आपला लावला, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही.

यानंतरची एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. साठीच्या दशकापर्यंत अमेरिकेत शेजारीण घरी केलेला लाडू-केक, सफरचंद, मक्याच्या लाह्या मुलांच्या हातावर ठेवी. मग भय शिरले. १९७४ साली टेक्सासमधील एका बापाने विम्याच्या पैशासाठी स्वतःच्या मुलाला हॅलोवीनच्या मिठाईतून विष दिले. १९८२च्या शरदात शिकागो परिसरात औषधाच्या कुप्यांत कोणी सायनाइड मिसळून सात जणांचा बळी घेतला आणि महिन्याभराने आलेल्या हॅलोवीनला आया घाबरल्या. काही रुग्णालयांत मुलांच्या मिठाईची क्ष-किरण तपासणी सुद्धा झाली! समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८पासूनच्या बातम्या तपासून १९८५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने दिलेल्या विषारी मिठाईने मूल दगावल्याचे एकही प्रकरण त्यांना आढळले नाही. तोवर घरची वडी मात्र दारातून कायमची हद्दपार झाली होती. कारखान्यात बंद केलेली, प्रत्येक तुकड्याला वेगळे चकचकीत वेष्टन असलेली मिठाई तेवढी ‘सुरक्षित’ ठरली. प्लास्टिक आणि धातूच्या पातळ थरांचे ते वेष्टन पुन्हा वापरात आणणे फार कठीण. कचऱ्याचा उगम आपण हावेत शोधतो. येथे तो शेजाऱ्यावरील अविश्वासात सापडतो.

आजचे प्रमाण कळावे म्हणून दोन गोष्टी सांगतो. ब्रिटनमध्ये ‘हबब’ व ‘फेअरीलँड ट्रस्ट’ या संस्थांनी २०१९ साली १९ दुकानांतील हॅलोवीनचे ३२४ कपडे तपासले. त्यांतील ८३ टक्के द्रव्य खनिज तेलापासून बनलेले प्लास्टिकच होते. एका हंगामात अशा टाकाऊ वेषांतून सुमारे २,००० टन प्लास्टिक कचऱ्यात जात असावे, असा त्यांचा अंदाज होता. दुसरी गोष्ट भोपळ्याची. तो तर मातीचाच, त्याने काय होते, असे वाटेल. पण डंपिंग ग्राउंडवर ढिगाखाली हवा न मिळता कुजला, की त्यातून मिथेन वायू सुटतो आणि तो वातावरण तापविण्यात कार्बन डायऑक्साइडहून कित्येक पटींनी प्रबळ आहे. म्हणून कोरलेला गर शिजवावा, बिया भाजून खाव्यात, मेणबत्ती काढून साल खतासाठी द्यावी. रानातही फेकू नये. भोपळा खाऊन साळूसारखे लहान काटेरी प्राणी आजारी पडतात, असे तेथील वनरक्षक संस्था बजावतात.

उलट प्रवाहही आहे, आणि तो बहुधा घराघरांतील बायांनी सुरू केलेला आहे. फिलाडेल्फियात १९५० साली एका प्रेस्बिटेरियन पाळकाच्या पत्नीने, मेरी एमा ॲलिसन यांनी, आपल्या मुलांच्या हाती दुधाचे रिकामे कागदी डबे दिले आणि मिठाईऐवजी युनिसेफसाठी नाणी मागायला पाठविले. पहिल्या वर्षी १७ डॉलर जमले. ही प्रथा पुढे देशभर पसरली. टाकाऊ डब्यातून गरिबाचा वाटा त्या रात्रीत परतला, तो असा. सिॲटल भागात २००७ साली कोरी कोलवेल-लिप्सन या मातेने आपल्या आईच्या साथीने ‘हिरव्या हॅलोवीन’ची चळवळ सुरू केली, तिच्यातून वेषांची अदलाबदल करण्याचे मेळावे निघाले. इलिनॉय राज्यात २०१४पासून भोपळे गोळा करून त्यांचे खत करतात. मुलांना ते उंचावरून आपटू देतात, म्हणून मुले आपणहून घेऊन येतात. युक्ती नामी आहे.

हे सारे लिहीत असता माझी नजर आपल्याच दफनभूमीकडे वळते. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कबरींवरील दिव्यांचे ते दृश्य कोणाचेही मन हलवील. ३ नोव्हेंबरच्या सकाळचे दृश्य मी पाहतो, कारण मी तेथेच राहतो. वितळलेल्या प्लास्टिकच्या वाट्या, थर्मोकोलची पुष्पचक्रे, झेंडूसह बांधून फेकलेल्या पिशव्या. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या व सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, तरी आपल्या मृतांच्या वाट्याला ते येतच असते. पोलंडमधील काही दफनभूमींच्या दाराशी आता फळ्या ठोकल्या आहेत. जळून गेलेल्या दिव्यांची धड काचपात्रे तेथे ठेवायची. ज्याला नवीन परवडत नाही, त्याने नवी मेणबत्ती घालून ते न्यायचे. अशी एक फळी ठोकायला आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज आहे? आमच्या सुताराला मी सांगून ठेवले आहे.

कॉर्कच्या त्या मुलीला मी एवढेच कळविले, की मुलाला पाठव. घरातल्या जुन्या कपड्यांत पाठव. आणि निघण्यापूर्वी त्याच्या आजोबांसाठी एक प्रार्थना म्हणून घे. भोपळ्याऐवजी सलगम मिळाल्यास बघ, असे सहज लिहिले होते. तिच्या वडिलांची कबर आमच्या जुन्या धर्मग्रामात, आंब्याच्या झाडाजवळ आहे.

२ नोव्हेंबरला रात्री तिचा दूरध्वनी आला. सलगम भोपळ्यापेक्षा फार कठीण निघाले, नवऱ्याने दोन चमचे वाकविले, शेवटी सुताराचे हत्यार शेजाऱ्याकडून आणावे लागले. शेजारी म्हातारा, ऐंशीच्या घरातला. सलगम पाहून तो आत आला आणि आपल्या लहानपणी कसा कोरायचे, ते दाखवीत तासभर बसला. त्या गल्लीत तीन वर्षे राहूनही तो कधी त्यांच्या घरात आला नव्हता. कोरलेल्या गराची तिने वसईच्या मसाल्यात भाजी केली. म्हाताऱ्याला ती तिखट लागली, तरी त्याने पुन्हा मागून घेतली.